अर्थाची जागा

रुग्णालयाच्या खाटेवरून ऑब्रीने चहाच्या कपाकडे पाहिले आणि म्हटले, "सेट."

म्युरिएलने पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली, शब्दकोशासाठी दाखले टिपतात तशी. तारीख, वेळ, प्रसंग लिहिला. अर्थाची जागा तिने रिकामी ठेवली.

"बाई, असा नवरा नशिबानं मिळतो बघा," उशी सारखी करत नर्स ब्रेंडा म्हणाली. "एका शब्दावर भागवतो."

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत 'सेट' या एका शब्दावर नवराबायकोंनी अकरा वर्षे काढली होती. सूर्य मावळणे, जेली घट्ट होणे, मोडलेले हाड बसवणे, टेनिसमधला डाव; एक मूळ 'बसवणे' या जुन्या इंग्रजी क्रियापदात, दुसरे फ्रेंचमार्गे लॅटिनमध्ये. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर ऑब्रीच्या तोंडी तेवढा एकच शब्द उरला. डॉक्टरांच्या मते तो आता शब्द नव्हता, केवळ ध्वनी होता. त्यात अर्थ शोधू नये. म्युरिएलने पुरावा विचारला. समाधान झाले नाही, म्हणून ती स्वतः पुरावा गोळा करू लागली.

गुरुवारी ती कोट घालून निघाली, तेव्हा ऑब्रीने डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. अंगठा दोनदा फिरवला. "सेट," तो अगदी खालच्या सुरात म्हणाला.

एकशे अकरा चिठ्ठ्यांत असा प्रसंग नव्हता. बसथांब्यावर उभ्या उभ्याच तिने एकशे बारावी लिहिली, आणि अर्थाच्या जागी प्रथमच काही लिहिले: 'थांब.' पेन्सिलीने लिहिले. एकाच दाखल्यावर अर्थ पक्का धरू नये, हा कचेरीतला नियम ऑब्रीचाच होता.

शुक्रवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली आणि दारातच थबकली. ऑब्रीचा डावा हात चहाच्या ढकलगाडीच्या दांड्यावर होता. अंगठा दोनदा फिरला. "सेट," तो त्याच सुरात म्हणाला.

"या गाडीवर भारी जीव यांचा," ब्रेंडा हसली. "रोज तिला असंच धरून ठेवतात."

"रोज म्हणजे किती वाजता?" म्युरिएलने विचारले.

उत्तर तिने नव्या चिठ्ठीवर उतरवले. मग कालची चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि कागद चुरगळू नये इतक्या बेताने खोडरबराने 'थांब' पुसून काढले. शिसे गेले. पेन्सिलीचा दाब मात्र कागदात तसाच राहिला होता; तिच्या बोटाला तो लागत होता.