डबड्याला वारा

नाशिकला जुने कॉम्प्युटर जपणाऱ्यांचा मेळावा होता. निघायच्या आधी तुळशीदास गुरुजी आपल्या कॅसेटवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक डाव खेळले आणि तो बंद करायलाच विसरले. एसटी मोखाड्याला आली तेव्हा आठवलं. त्यांनी लगेच जव्हारला घरी फोन लावला.

“अगं जयवंती, त्याचं बटण बंद कर. म्हातारा आहे तो, तापून जळेल.”

“बघते.”

जन्मभर त्याला डबडं म्हणणाऱ्या बायकोचं हे ‘बघते’ काही खरं नव्हतं. मेळाव्यात गुरुजींचा जीव रमला नाही.

दिवेलागणीला ते घरी आले तर लाइट गेलेली. फ्रीज बंद, पंखा बंद. इन्व्हर्टरवर एकटा कॉम्प्युटर तेवढा चालू, आणि घामाने निथळणाऱ्या जयवंतीबाई त्याला सुपाने वारा घालतायत!

गुरुजींना भरूनच आलं. “इतकी माया कधीपासून गं?” म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

“खबरदार! बंद केला की याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं, तुम्हीच सांगता ना?”

गुरुजींनी स्क्रीनवरच्या खेळाच्या गुणांच्या यादीकडे पाहिलं. सकाळी पहिल्या नंबरावर असलेलं त्यांचं नाव दुसऱ्यावर घसरलं होतं. वर होती जयवंती.

“आधी फोटो काढा आणि तुमच्या नाशिकच्या मंडळींना पाठवा,” सूप न थांबवता बाई म्हणाल्या. “मग झोपवू याला.”