हुदहुदामागचा माणूस

गफ्फारने श्वास रोखला, बटणावर बोट ठेवलं आणि नेमका तेव्हाच देवमन पुन्हा मधे आला.

मधे म्हणजे पक्ष्याच्या मागे. पुढे शेवग्याखाली हुदहुद, डोक्यावरचा तुरा उघडून नवरदेवाच्या थाटात उभा. मागे फावडं घेतलेला देवमन, पांढरा पटका, पांढरा सदरा. त्या लांब लेन्समधून पाखराचं पीस न् पीस दिसायचं आणि मागचं सगळं धुकं व्हायचं. त्या धुक्यात देवमन वाळत घातलेल्या धोतरासारखा हलत होता. आणखी एक फोटो वाया गेला.

गफ्फारचा अनसिंगात फोटो स्टुडिओ होता. पंचाहत्तर साली कुवेतच्या साडूने त्याला ही लेन्स आणून दिली आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या भल्या माणसाला पाखरांचं खूळ लागलं. गावाने लेन्सचं नाव तोफ ठेवलं. नागपूरला फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे तुरा उघडलेला हुदहुद लावायचाच, या हट्टाला तो पेटला होता. पण हुदहुद यायचा तो फक्त शेजारच्या देवमनच्या परसात. देवमन रोज सकाळी तिथली माती खणायचा, अळ्या वर यायच्या, म्हणून यायचा. देवमन असला की फोटो बिघडे, नसला की पाखरू फिरकेना.

शेवटी गफ्फारनेच तोड काढली. काकांनी माती खणून ठेवावी आणि तेवढा वेळ घरात बसावं. देवमन हसला आणि मुकाट आत गेला. दोन सकाळी तो स्वतःच्याच परसात थांबला नाही. दाराआडून फक्त झालं का म्हणून विचारायचा. तिसऱ्या सकाळी फोटो साधला.

गफ्फार खूश झाला. आता काकांचाही एक काढू म्हणाला. देवमनने हात झटकले. उतारवयात फोटो काढला की माणूस लवकर जातो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. "मेल्यावर काढजो," तो म्हणाला. गावात तशी रीतच होती. कोणी गेलं की त्याला भिंतीशी टेकवून बसवायचं आणि गफ्फारला बोलवायचं.

गफ्फार नागपूरला गेला आणि पाच दिवसांनी परतला. तेव्हा देवमनला जाऊन तीन दिवस झाले होते. छातीत कळ आली तेवढंच निमित्त. रीतीप्रमाणे फोटोसाठी घरचा माणूस स्टुडिओकडे धावत आला होता, पण दाराला कुलूप होतं.

दुपारी देवमनची बायको भागिरथा स्टुडिओत आली, धाकट्या दिराचा, लखमाचा हात धरून. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंजवळ देवमनचा फोटो ठेवायचा होता, आणि चाळीस वर्षांच्या संसारात त्याचा एकही फोटो नव्हता. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

गफ्फारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने धंद्यातला नेहमीचा उपाय सुचवला. लखमाचा तोंडवळा भावासारखाच. त्याला पटका बांधून बसवू, उरलेलं निगेटिव्हवर पेन्सिलीने सुधारू. गावातल्या चार घरांत असे फोटो लागले होते आणि कोणाला पत्ता नव्हता. लखमा तर लगेच खुर्चीत जाऊन बसलासुद्धा.

"ऊठ तिथून," भागिरथा म्हणाली. "जित्या दिराले हार घालू काय मी?"

लखमा उठला. ती दोघं निघून गेली आणि मग गफ्फारला ते वाया गेलेले फोटो आठवले.

दुसऱ्या दिवशी त्याने डार्करूममध्ये खोकं उपसलं. देवमन मागे असलेल्या अकरा निगेटिव्ह निघाल्या. त्यातली एक निवडून त्याने पाखरू वगळलं आणि माणूस तेवढा मोठा केला. जितका मोठा करावा तितका तो विरघळत जाई. निदान डोळे तरी काढावेत म्हणून त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि हात तिथेच थांबला. दोन महिने हा माणूस रोज त्याच्या समोर उभा होता, आणि त्याचे डोळे कसे होते तेच त्याला आठवेना. फार वाईट वाटलं त्याला. पेन्सिल त्याने ठेवून दिली.

शनिवारी तो फोटो घेऊन स्वतःच शेजारी गेला. भागिरथेच्या हातात दिला आणि मान खाली घातली.

"माफ करजो काकी. चेहरा दिसूनच नाही राह्यला, निसतं धुकं हाये. पाखराच्या नादात म्या काकाकडे कधी धड पाह्यलंच नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

भागिरथेने फोटो पार डोळ्यांशी नेला. पटक्यावरून, खांद्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"काहून रडतं बापा?" ती म्हणाली. "तेच व्हयत हे. मोतीबिंदू झाला तवापासून मले ते असेच दिसत होते."