सोनीची खाज

पशुवैद्य डॉ. रेणुका कर्णिकांनी जनावराला जाणवतं ते माणसाला जाणवून देणारा संवेदनपट्टा मोघ्यांच्या मनगटावर बांधला. त्याची जोडी मोघ्यांच्या जातिवंत लॅब्रॅडॉरच्या, सोनीच्या गळ्यात होती. "कुत्री खाजवतातच," म्हणत मोघ्यांनी तिच्या आईची चार वेतांची पिल्लं विकली होती.

क्षणात त्यांची मान, काखा, पोट पेटल्यासारखं खाजू लागलं. नखांनी कातडी सोलवटली तरी थांबेना.

"हिला हे कधीपासून?" मोघ्यांनी खाजवतच विचारलं.

"जन्मापासून. आईकडून आलंय. पिल्लांनाही होईल."

उद्या सोनीला नराकडे न्यायचं होतं. मोघ्यांनी फोन करून सांगितलं, "येत नाही. कधीच नाही."

"पट्टा काढू?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिला औषध लागू पडायला किती दिवस?"

"पंधरा."

"मग तोवर राहू दे."