आठ दिवस तक्रार नाही

समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहून तो स्वतःच्याच स्वयंपाकघरात डोकावत होता. दुपारचे दोन वाजले होते. बायकोला वाटत होतं, तो ऑफिसात आहे. ऑफिसला वाटत होतं, तो कुणाच्या तरी आजारपणाची तपासणी करायला गेलाय. यातलं ऑफिसचं खरं होतं.

कंपनीत त्याचं काम तेवढंच. रजेचे, उपचारांचे अर्ज आले की दुखणं खरं आहे का ते न कळवता जाऊन बघायचं. लोक पाठीमागे त्याला 'थर्मामीटर' म्हणायचे. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कंबर धरून दार उघडणारा माणूस त्याने संध्याकाळी फुटबॉल खेळताना पकडला होता. अंथरुणाला खिळलेली बाई त्याला बहिणीच्या लग्नात नाचताना सापडली होती. चोवीस वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. सोंग घेणारे चेहरे करतात; ज्याला खरंच दुखतं, तो गप्प असतो. घरी जेवताना त्याने हे शंभरदा तरी ऐकवलं होतं.

आणि बायको वर्षभर नुसते चेहरेच करत होती. बोलता बोलता मध्येच थांबायची. उजवा गाल वेडावाकडा व्हायचा, डोळा मिटायचा, आणि पाच-दहा सेकंदांत सगळं जिथल्या तिथे. गालात वीज घुसते म्हणायची. घास चावला तरी, तोंड धुतलं तरी, इतकंच काय, पंख्याचं वारं लागलं तरी. ताप नाही, सूज नाही, काही म्हणता काही नाही. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढल्या. तिसरी काढायची वेळ आली तेव्हा तेच म्हणाले, की दाढांचा काही दोष नाही, हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं दिसतंय, नसांच्या डॉक्टरांना दाखवा. यावर गोळ्या असतात, गोळ्यांनी नाहीच भागलं तर ऑपरेशन असतं. दोन दाढा काढून झाल्यावर हा शोध! त्याच्या मनात पाल चुकचुकली.

नसांचे डॉक्टर दुसऱ्या शहरात होते. कंपनीच्या योजनेतून बायकोला तिथे नेता येत होतं, पण अर्जावर तपासनिसाची सही लागायची. म्हणजे त्याचीच. साहेब हसत म्हणाले, घरचाच अर्ज आहे, टाका करून सही. ते त्याला झोंबलं. लोकांना एक माप आणि बायकोला दुसरं, असं कसं? त्याने घरी येऊन तिला सांगून टाकलं, की नीट तपासल्याशिवाय सही होणार नाही. असली वेडीवाकडी तोंडं मी रोज बघतो, हेही वर ऐकवलं. अर्जाची घडी करून तिने ती त्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तिचं दुखणं थांबलं. गालाला हात नाही की बोलताना थांबणं नाही. एकदा त्याने मुद्दाम पंखा मोठा केला, तर ती शांतपणे त्याला वाढत राहिली. असे आठ दिवस गेले. तपासणार म्हटल्याबरोबर बाई ठणठणीत! त्याला संताप आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. दुसऱ्याचं खोटं हातोहात पकडताना त्याला मजा यायची. हे पकडायची वेळ यायला नको होती. आज अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता. शेऱ्याच्या रकान्यात त्याने पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं, 'आठ दिवस तक्रार नाही.' तरीपण एकदा न कळवता बघायचं, हा नियम होता. बायको झाली म्हणून नियम मोडायचा नाही.

ती खिडकीत आली. ओट्यावर तिने भिंतीला टेकवून लहान आरसा ठेवला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने बोट गार पाण्यात बुडवलं आणि नाकपुडीशेजारी गालावर टेकवलं. लगेच चेहरा पिळवटला. मग तिने आरशात बघून नाराजीने मान हलवली, थोडा वेळ थांबली, आणि पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा चेहरा. पुन्हा आरसा.

तालीम! घरात बसून चक्क तालीम चालली होती! त्याने दोन-दोन पायऱ्या उतरत रस्ता ओलांडला, स्वतःच्या किल्लीने दार उघडलं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

"माझ्यासमोर करायचे चेहरे बसवतेस होय?"

ती दचकली नाही. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ओठ जेमतेम हलवत ती सांगायला लागली, की वीज आली तरी गाल हलता कामा नये, त्याची सवय करतेय. डोळा अजून ऐकत नाही. बोलता बोलता ती एकदम गप्प झाली. त्याने चोवीस वर्षांच्या सवयीने तिच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त ओट्याची कड धरलेली तिची बोटं पांढरीफटक पडली होती. आठ-दहा सेकंदांनी ती सैल झाली.

"तुम्हीच म्हणता ना, खरं दुखतं तो गप्प असतो म्हणून," ती म्हणाली. "आठ दिवसांत पन्नास वेळा तरी आलं असेल, तुम्हाला एकदाही कळू दिलं नाही. आता तरी कराल ना सही?"