शंभर तास

“सकाळी सातला लावायचे, रात्री आठला बंद करायचे. मधे हात लावायचा नाही,” बापूसाहेबांनी बायकोला तिसऱ्यांदा बजावलं.

नवे स्पीकर बैठकीत कमरेएवढे उभे होते. पहिले शंभर तास वाजल्याशिवाय ते मुरत नाहीत, खरा आवाज देत नाहीत, हे त्यांनी लातुरातल्या निम्म्या प्राध्यापकांना समजावून सांगितलं होतं.

“लोणच्यासारखं?” चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

या बाईला कान नाही, हे लग्नानंतर आठवड्यातच बापूसाहेबांच्या लक्षात आलं होतं. तीस वर्षांत त्यांनी ते बऱ्याच पाहुण्यांना तिच्यादेखत सांगितलं होतं. आता पेपर तपासायला आठ दिवस नांदेडला जायचं होतं, म्हणून तिच्यावर सोपवण्यावाचून इलाज नव्हता. कामवाल्या गुणाबाईला त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की स्पीकरवर ओला फडका मारशील तर उद्यापासून येऊ नको.

नांदेडहून ते रोज सकाळी आठला बायकोच्या मोबाइलवर फोन करत. फोन उचलला गेला की म्हणत, “बोलू नको. स्पीकरजवळ धर.”

पलीकडे कुणी बोलत नसे. सारंगी ऐकू येई. बापूसाहेब डोळे मिटत, दोन मिनिटांनी फोन ठेवत आणि खोलीतल्या शिवप्रसाद सरांना निकाल सांगत. तिसऱ्या दिवशी साथीच्या तबल्याचा डग्गा भरीव झाला. पाचव्या दिवशी सारंगीच्या तारा सुट्या ऐकू येऊ लागल्या.

“वहिनी बऱ्या आहेत ना?” सरांनी एकदा विचारलं.

“तिला काय होतंय? बटण दाबायचंय नुसतं.”

आठव्या दिवशी दुपारी ते लातूरला परतले. फाटकातूनच सारंगी ऐकू आली. बॅग दारात टाकून ते थेट खुर्चीत बसले. आवाज आता गोल झाला होता, खोलीभर पसरला होता. आपण बरोबर होतो, याचं त्यांना फार समाधान वाटलं.

गुणाबाईनं चहा आणून ठेवला.

“बघ, याला म्हणतात मुरणं,” ते म्हणाले. “तुला काय कळणार म्हणा. बाईंना बोलाव. शंभर तासांनी काय होतं ते तिलाही ऐकू दे.”

गुणाबाई जागची हलली नाही. पदराला हात पुसत राहिली.

“बाई न्हाईत, साहेब. तुमी गेले त्याच दिशी दुपारच्या यस्टीनं गेल्या. अहमदपूरला खोली केलीय, आता तिकडंच राहणार म्हणल्या.”

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. असं कसं होईल, त्यांनी विचारलं. रोज सकाळी तर फोन होत होता.

“मोबाइल हितंच ठिवून गेल्या,” गुणाबाई म्हणाली. “रोज म्याच धरत होते.”