भाच्याचा शब्द

भरतीचं पाणी अंगणात शिरू लागलं, तेव्हापासून जाळी विणणाऱ्या मावशींनी समुद्रात होणाऱ्या नव्या तेलविहिरीला विरोध चालवला होता. "आणखी तेल काढून जाळाल, तर समुद्र आमच्या चुलीपर्यंत येईल," असं त्यांनी तेलकंपनीच्या साहेबांना भर सभेत सुनावलं.

मग कंपनीत नोकरीला असलेला भाचा घरी आला. "मावशी, समुद्र कधी वाढतो का? कुणीतरी तुझे कान भरलेत!"

पोटच्या पोरासारखा वाढवलेला तो. त्याच्या शब्दाखातर मावशींनी माघार घेतली आणि मागोमाग सगळी वस्ती गप्प झाली.

वर्षभरात किनाऱ्यावर, दोन पुरुष उंच खांबांवर कंपनीचं ऑफिस उभं राहिलं. मावशींनी कौतुकानं विचारलं, "एवढं उंच कशाला रे बांधलंत?"


भाचा बोलून गेला, "अगं, पुढे समुद्र वर येणार ना!"