टेस्टिंगचा नंबर

अंधेरीच्या ऑफिसात नितेश एका पतपेढीसाठी ग्राहकांना आपोआप मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहीत होता. जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, होता. तिला नंबर आणि मजकूर दिला की मेसेज गेलाच. टेस्टिंगला मात्र कुणाचा तरी खरा नंबर हवा होता. त्याने मुलुंडला एकट्या राहणाऱ्या बाबांचा टाकला आणि त्यांना तसं सांगूनही ठेवलं. दुसरं कोणी असतं तर वैतागलं असतं.

दोन-तीन आठवडे बाबांच्या फोनवर दिवसभर 'टेस्ट', 'टेस्ट' येत राहिलं. काम संपलं तसा नितेशने तो नंबर काढून टाकला. दुसऱ्याच दिवशी बाबांचा फोन आला.

"आज काहीच आलं नाही रे. बिघडलं का काही?"

"नाही बाबा, झालं काम. आता तुम्हाला त्रास नाही."

"त्रास कसला त्यात. मी तर प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायचो."

नितेशला हसू आलं. "अहो, मेसेज यायचे तो नंबर कंपनीचा. तिथून मेसेज नुसते जातात. आलेलं वाचायची सोय मी केलीच नव्हती."

"तरीच."

"का? काय लिहिलं होतंत?"

"तुला फोन करावा तर तू मीटिंगमध्ये असतोस. म्हटलं, इथे लिहिलेलं तरी पोचेल. जाऊ दे. गेल्या रविवारचं होतं ते. तुझ्यासाठी कोलंबी आणली होती."